आयोवाची 'लोखंडी माणसं' : १९३९च्या कॉलेज फुटबॉल हंगामाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेतल्या आयोवा राज्याचा माणूस भेटला आणि गप्पा फुटबॉलवर गेल्या, की थोड्याच वेळात १९३९ साल निघतं. तेव्हा त्याचे आजोबाही शाळेत असतील, पण सांगतो असा की जणू स्वतः पहिल्या रांगेत बसून पाहिलंय. आयोवा विद्यापीठाच्या संघाच्या त्या हंगामात एवढं काय होतं, असं मला बऱ्याच जणांनी विचारलंय. त्या प्रश्नांची ही उत्तरं. खेळच नवा असलेल्यांनी पहिलं उत्तर आधी वाचावं, बाकीच्यांनी ते सोडलं तरी चालेल.

हा फुटबॉल म्हणजे आपला फुटबॉल का?

नाही. हा अंडाकृती चेंडू बगलेत धरून पळण्याचा, फेकण्याचा आणि अधूनमधून लाथाडण्याचा खेळ. मैदान गोलरेषेपासून गोलरेषेपर्यंत १०० यार्ड, दोन्हीकडे ११-११ जण. चार प्रयत्नांत १० यार्ड पुढे सरकायचं. जमलं तर पुन्हा चार प्रयत्न, नाही जमलं तर चेंडू समोरच्यांचा. चेंडूवाल्याला आडवा पाडला की तो प्रयत्न संपला. कबड्डी पाहिलेल्याला यातली धरपकड लगेच कळते. फरक इतकाच, की इथे चढाई करणाऱ्याच्या पुढे त्याचेच भिडू वाट मोकळी करत धावतात.

गोलरेषेपार चेंडू नेला की टचडाउन, त्याचे ६ गुण. त्यानंतर एक जादा किक मिळते, ती खांबांमधून गेली तर १. नुसत्या किकने केलेल्या फील्ड गोलचे ३. आणि चेंडूवाला संघ स्वतःच्याच गोलरेषेमागे अडकला तर समोरच्यांना २ गुण, याला सेफ्टी म्हणतात. सेफ्टी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

त्याआधी आयोवाचा संघ कसा होता?

वाईट. १९३७ आणि १९३८ या दोन हंगामांत मिळून त्यांनी फक्त दोन सामने जिंकले होते. ही घसरण दहा वर्षं जुनी होती. खेळाडूंना गुपचूप पैसे दिल्याच्या प्रकरणावरून १९२९ मध्ये 'बिग टेन' या विद्यापीठांच्या संघटनेने आयोवाला निलंबित केलं. पुढच्या वर्षी परत घेतलं, पण पत गेली. त्याच १९२९ मध्ये नवं स्टेडियम उभं राहिलं आणि लगोलग मंदी आली. म्हणजे बांधकामाचं कर्ज डोक्यावर, मक्याचा भाव जमिनीला आणि संघ हरतोय. आयोवा हे शेतकऱ्यांचं राज्य, तेव्हाची वस्ती साधारण २५ लाख. मोठ्या शहरातला व्यावसायिक संघ नाही, दुसरा अभिमान नाही. शनिवारी दुपारी रेडिओला कान लावून बसायचं ते याच पोरांसाठी.

प्रशिक्षक डॉक्टर होते म्हणतात, ते खरं का?

खरं. डॉ. एडी अँडरसन मूळचे आयोवातल्याच मेसन सिटीकडचे. नोटर डेम विद्यापीठात नूट रॉकनी या नामांकित प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळले, १९२१च्या संघाचे कर्णधार होते. पुढे वैद्यकीचं शिक्षण घेतलं, मूत्ररोगाचा अभ्यास केला, आणि मॅसॅच्युसेट्समधल्या होली क्रॉस कॉलेजचा संघ नावारूपाला आणून १९३९ मध्ये आयोवात आले. सकाळी विद्यापीठाच्या रुग्णालयात, दुपारी मैदानावर असा त्यांचा दिवस. त्या वर्षीचा देशातला सर्वोत्तम प्रशिक्षक म्हणूनही त्यांचीच निवड झाली.

'लोखंडी माणसं' हे नाव कशावरून पडलं?

सक्तीवरून. त्या काळच्या नियमाप्रमाणे एखाद्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चार भागांपैकी एकात, बाहेर गेलेला खेळाडू त्या क्वार्टरमध्ये परत येऊ शकत नसे. त्यामुळे आजच्यासारखे आक्रमणाचे अकरा वेगळे आणि बचावाचे अकरा वेगळे असला प्रकार नव्हता. जो चेंडू घेऊन पळायचा, तोच पुढच्या मिनिटाला समोरच्याला पाडायला उभा. हे सगळ्याच संघांना लागू होतं. पण नोटर डेमसारखा श्रीमंत संघ अख्खी दुसरी फळी उतरवून पहिलीला दम खायला देऊ शकत असे. आयोवाकडे दुसरी फळी जवळजवळ नव्हतीच. चांगले खेळाडू मोजके, त्यातले काही दर आठवड्याला जायबंदी. उरलेल्यांनी ६० मिनिटं रेटायची.

नाव ऐकून वाटतं, फार बलदंड मंडळी असतील. उलट आहे. मला तर हे नाव कौतुकापेक्षा अडचणीची कबुलीच वाटते. बदली खेळाडू असते तर कोणी लोखंडी झालं नसतं. डोक्यावर तेव्हा चामड्याचं शिरस्त्राण, तेही कॉलेज खेळात सक्तीचं झालं ते याच वर्षी.

सगळ्या सामन्यांचे निकाल एकत्र मिळतील का?

३० सप्टेंबर : साउथ डकोटा, विजय ४१-०
७ ऑक्टोबर : इंडियाना, विजय ३२-२९
१४ ऑक्टोबर : मिशिगन, पराभव ७-२७
२८ ऑक्टोबर : विस्कॉन्सिन, विजय १९-१३
४ नोव्हेंबर : पर्ड्यू, विजय ४-०
११ नोव्हेंबर : नोटर डेम, विजय ७-६
१८ नोव्हेंबर : मिनेसोटा, विजय १३-९
२५ नोव्हेंबर : नॉर्थवेस्टर्न, बरोबरी ७-७

सहा विजय, एक पराभव, एक बरोबरी. पहिला सामना बाजूला ठेवा, तो सरावच होता. उरलेल्या पाच विजयांतलं अंतर बघा: ३, ६, ४, १, ४. बेरीज १८. पाच सामने मिळून अठरा गुणांनी जिंकले! हा हंगाम एकतर्फी दादागिरीचा नव्हता, दर शनिवारी हातातोंडाशी आलेला घास कोण पळवतो याचा होता. अमेरिकी पुस्तकांतली वर्णनं वाचताना हे विसरायला होतं.

इंडियानाविरुद्ध बरोबरी हातात असताना ती का सोडली?

चौथा क्वार्टर, इंडियाना २९-२६ने पुढे. आयोवा गोलरेषेच्या टप्प्यात. फील्ड गोल मारला तर २९-२९. दोन वर्षं मार खाल्लेल्या संघाने बरोबरी घेऊन देवाचे आभार मानले असते तर कोणी नावं ठेवली नसती. पण संघाचा मुख्य खेळाडू नाइल किनिक याने किक न मारता कोपऱ्याकडे धावणाऱ्या अर्विन प्रासीकडे चेंडू फेकला. प्रासी हा संघाचा कर्णधार. त्याने तो गोलरेषेपार झेलला आणि ३२-२९. किनिककडून प्रासीला गेलेला त्या दिवसाचा हा तिसरा टचडाउन पास. फसला असता तर आज या हंगामाबद्दल कोणी विचारलंच नसतं.

मिशिगनविरुद्ध काय झालं?

टॉम हार्मन झाला. मिशिगनचे २७च्या २७ गुण त्या एकट्याने केले: चार टचडाउन, तीन जादा किक. त्यातला एक टचडाउन आयोवाचाच फेकलेला चेंडू मधल्यामध्ये पकडून जवळजवळ अख्खं मैदान पळत जाऊन. याबाबतीत यापेक्षा जास्त सांगण्यासारखं नाही.

४-० हा कसला गुणफलक? छापण्यात चूक आहे का?

चूक नाही. दोन सेफ्टी, प्रत्येकी २ गुण. पर्ड्यूच्या मैदानावर दोन्ही संघांना ना टचडाउन करता आला ना फील्ड गोल, पण आयोवाच्या बचावफळीने पर्ड्यूला दोनदा त्यांच्याच गोलरेषेमागे कोंडलं. सगळा सामना मधल्या चिखलात माणसं पाडण्यात गेला असं म्हटलं तरी चालेल. किनिकच्या चाहत्यांना हा सामना फारसा आठवत नाही. मला मात्र हंगामाचा खरा चेहरा इथेच दिसतो, कारण इथे पराक्रम करायला कोणी हिरो नव्हता. माइक एनिचसारख्या पुढच्या फळीतल्या गड्यांनी सामना ओढून नेला. एनिचला पुढच्या वर्षी कर्णधार केलं ते उगाच नाही.

नोटर डेमच्या सामन्याला एवढं महत्त्व का?

कारण हा सामना आयोवा जिंकेल असं आयोवाबाहेर कोणाला वाटत नव्हतं. नोटर डेम तोवर अपराजित, देशातल्या पहिल्या काही संघांपैकी एक, वर अँडरसनचं स्वतःचं जुनं विद्यापीठ. तारीख ११ नोव्हेंबर, पहिलं महायुद्ध थांबल्याचा दिवस. आणि युरोपात दुसरं सुरू होऊन दहा आठवडे झालेले.

पूर्वार्ध संपत आलेला असताना आयोवाला नोटर डेमच्या गोलरेषेजवळ चेंडू मिळाला. नेहमीच्या पद्धतीने दोनदा रेटून पाहिलं, भिंत हलेना. अल कूपी हा आयोवाचा क्वार्टरबॅक. त्या काळच्या रचनेत क्वार्टरबॅकचं काम चेंडू फेकण्याचं कमी आणि डाव सांगण्याचं व वाट करून देण्याचं जास्त. कूपी दुसऱ्या वर्षाचा विद्यार्थी, म्हणजे संघातलं शेंडेफळच म्हणा. त्याने घोळक्यात किनिक आणि बझ डीन यांना जागा बदलायला सांगितल्या. डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे. सरावात न घोटलेली चाल. चेंडू किनिककडे आला आणि तो आत घुसला. मग त्यानेच जादा किक मारली. ७-०.

उत्तरार्धात नोटर डेमने टचडाउन केला, पण त्यांची जादा किक हुकली. ७-६. इथून पुढे सामना जिंकला तो लाथेने. आपल्याकडे चेंडू असूनही पुढे सरकता येत नसेल, तर तो लांब लाथाडून द्यायचा आणि समोरच्यांना दूरवरून यायला लावायचं, याला पंट म्हणतात. किनिकने त्या दिवशी १६ पंट मारले, एकूण ७३१ यार्ड. शेवटी शेवटी एक ६३ यार्डांचा गेला, तो नोटर डेमला त्यांच्या घराच्या उंबऱ्यावर नेऊन सोडणारा. तिथून परत यायला त्यांना वेळच उरला नाही. आज टीव्हीवर पंट आला की लोक चहा ठेवायला उठतात. १९३९ मध्ये ते हत्यार होतं.

मिनेसोटाशी सामना आणि ते डुकराचं काय प्रकरण आहे?

आधी सामना. शेवटचा क्वार्टर सुरू होताना मिनेसोटा ९-० पुढे. किनिकने प्रासीला पास दिला, टचडाउन, किक, ९-७. घड्याळ संपत असताना बिल ग्रीनला दुसरा पास, १३-९. लोक मैदानात घुसले आणि किनिकला खांद्यावर घेतलं. शिकागोच्या एका वार्ताहराने निकाल 'किनिक १३, मिनेसोटा ९' असा मांडला. ओळ झकास आहे, पण प्रासी आणि ग्रीन यांनी चेंडू झेललाच नसता तर काय, हे त्या वार्ताहराला कोणी विचारलं असेल का, असा मला नेहमी प्रश्न पडतो.

आता डुक्कर. १९३४च्या सामन्यात आयोवाचा कृष्णवर्णीय खेळाडू ऑझी सिमन्स याला मिनेसोटाच्या खेळाडूंनी इतकं बदडलं, की त्याला मैदान सोडावं लागलं. पुढच्या वर्षीच्या सामन्याआधी आयोवातलं वातावरण तापलं. राज्यपाल क्लाइड हेरिंग यांनी प्रेक्षक हे पुन्हा सहन करणार नाहीत असं बोलून त्यात तेल ओतलं. तेव्हा मिनेसोटाचे राज्यपाल फ्लॉइड ऑल्सन यांनी तार करून एक पैज लावली: हरणाऱ्याने जिंकणाऱ्याला एक उत्तम डुक्कर द्यायचं. आयोवा हरलं. रोझडेल फार्म्समधलं एक डुक्कर मिनेसोटाच्या राज्यपालांच्या कचेरीत पोचलं, आणि त्याला राज्यपालांचंच नाव मिळालं, 'फ्लॉइड ऑफ रोझडेल'. पुढे त्याचा कांस्य पुतळा केला. जो जिंकेल तो वर्षभर तो पुतळा ठेवतो, आजही. १९३९ मध्ये तो पहिल्यांदा आयोवाकडे आला.

मूळ भांडण एका काळ्या खेळाडूला झालेल्या मारहाणीचं होतं, आणि लक्षात राहिलं डुक्कर. ही युक्ती चतुर होती हे मान्य, पण सिमन्सच्या वाट्याला त्यातून काही आलं नाही.

मग बिग टेनचं विजेतेपद का नाही मिळालं?

शेवटच्या सामन्यात नॉर्थवेस्टर्नशी बरोबरी झाली म्हणून. त्याच दिवशी आघाडीवरचा ओहायो स्टेट मिशिगनकडून १४-२१ हरला होता. आयोवाने जिंकलं असतं तर विजेतेपद वाटून मिळालं असतं. पण तिसऱ्या क्वार्टरमध्ये किनिकचा खांदा निखळला आणि तो बाहेर गेला. त्याआधी तो सलग ४०२ मिनिटं मैदानावर होता: इंडियानापासून मिनेसोटापर्यंत सहा सामने पूर्ण, म्हणजे ३६०, आणि या सामन्यातली ४२.

आणि नववर्षाच्या बोल सामन्यात का खेळले नाहीत?

तेव्हा बिग टेनच्या संघांना हंगामानंतरचे सामने खेळायला बंदी होती. पत्रकारांच्या शेवटच्या क्रमवारीत आयोवा देशात नववा आला, आणि पोरं परीक्षेच्या अभ्यासाला लागली.

सगळं श्रेय किनिकला देणं बरोबर आहे का?

आकडे त्याच्या बाजूने आहेत. संघाने हंगामात १९ टचडाउन केले. त्यातले ५ त्याने स्वतः पळून केले आणि ११ त्याच्या पासवर झाले. शिवाय ११ जादा किक, त्याही ड्रॉप किक. गुणांत मोजलं तर १३० पैकी १०७मध्ये त्याचा हात. उरलेले २३ म्हणजे तीन टचडाउन, एक किक आणि पर्ड्यूच्या त्या दोन सेफ्टी. बचावात त्याने समोरच्यांचे आठ पास पकडले ते वेगळेच.

तरीही मी अर्धंच श्रेय देईन. आठ सामन्यांत आयोवावर ९१ गुण झाले, त्यातले ५६ फक्त इंडियाना आणि मिशिगनचे. बाकी सहा सामन्यांत मिळून ३५. मोठे विजय आले ते त्यामुळे. चारच गुण करून जिंकायचं तर समोरच्याला आधी शून्यावर ठेवायला लागतं, आणि ते काम एका माणसाचं नव्हे.

ड्रॉप किक म्हणजे काय?

चेंडू हातातून सोडायचा, जमिनीवर टप्पा पडला रे पडला की लाथ. अंडाकृती चेंडूचा टप्पा कुठे जाईल याचा नेम नाही, म्हणून कौशल्य. १९३४ नंतर चेंडू आणखी निमुळता झाला, फेकायला सोपा आणि टप्प्याला बेभरवशाचा. किनिक ही कला जमणाऱ्या शेवटच्या पिढीतला.

किनिक नेमका होता कोण?

जन्म ९ जुलै १९१८, आयोवातलं एडेल गाव. आजोबा जॉर्ज क्लार्क हे आयोवाचे राज्यपाल होते. लहानपणी तो बेसबॉलमध्ये कॅचर असायचा, आणि समोरून चेंडू टाकायला पुढे जगप्रसिद्ध झालेला बॉब फेलर. उंची ५ फूट ८ इंच, वजन ७७ किलोच्या आसपास. अभ्यासात इतका हुशार, की 'फाय बीटा कॅपा' या गुणवंतांच्या मानाच्या संस्थेत निवड झाली. १९३९ चा हाइसमन करंडक, म्हणजे देशातल्या सर्वोत्तम कॉलेज खेळाडूचा मान, त्यालाच मिळाला. दुसरा आला टॉम हार्मन. असोसिएटेड प्रेसने वर्षाचा सर्वोत्तम खेळाडू निवडला तेव्हा त्याने बेसबॉलच्या जो डिमॅजिओलाही मागे टाकलं.

न्यूयॉर्कमध्ये करंडक घेताना तो जे बोलला ते अजून ऐकायला मिळतं. प्रशिक्षक, सोबती, वार्ताहर असे सगळ्यांचे आभार झाल्यावर शेवटी तो म्हणाला, की आपला जन्म अमेरिकेच्या मध्यपश्चिमेतल्या मैदानांवर झुंजण्यासाठी झाला, युरोपच्या रणभूमीवर नाही, याबद्दल मी देवाचा ऋणी आहे. आणि इथली पोरं फ्रेंच शौर्यपदकापेक्षा या करंडकासाठी झगडणं पसंत करतील. सभागृहात आधी क्षणभर शांतता, मग टाळ्या.

पुढे त्याचं काय झालं?

व्यावसायिक फुटबॉलचं बोलावणं त्याने नाकारलं आणि कायद्याच्या अभ्यासाला लागला. मग नौदलाच्या राखीव वैमानिक दलात भरती झाला. हजर झाला तो पर्ल हार्बरवरच्या हल्ल्याच्या तीन दिवस आधी. २ जून १९४३ रोजी 'लेक्सिंग्टन' या विमानवाहू जहाजावरून सरावाचं उड्डाण केलं असताना त्याच्या विमानातून तेल गळू लागलं. जहाजाच्या डेकवर उड्डाणासाठी विमानं उभी होती, म्हणून त्याने व्हेनेझुएलाजवळ पारियाच्या आखातात विमान पाण्यात उतरवलं. मदत पोचली तेव्हा पाण्यावर तेलाचा तवंग होता, तो नव्हता. वय २४. पुढच्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ बेनही युद्धात मारला गेला.

हार्मनही वैमानिक झाला. १९४३ मध्ये एकदा दक्षिण अमेरिकेच्या जंगलात आणि एकदा चीनवर, दोनदा त्याचं विमान पडलं. दोन्ही वेळा तो जिवंत परत आला.

त्याच हंगामातली दुसरी गोष्ट सांगण्यासारखी आहे का?

शिकागो विद्यापीठाची. पहिला हाइसमन विजेता जे बर्वांगर १९३५ मध्ये याच विद्यापीठाचा. चारच वर्षांत संघाची इतकी दैना झाली, की १९३९ मध्ये मिशिगनने त्यांना ८५-० हरवलं. डिसेंबरमध्ये विद्यापीठाने फुटबॉल बंदच करून टाकला. त्यांच्या स्टॅग फील्डच्या रिकाम्या स्टँडखालच्या स्क्वॉश कोर्टात २ डिसेंबर १९४२ रोजी एन्रिको फर्मी आणि सहकाऱ्यांनी जगातली पहिली नियंत्रित अणुसाखळी प्रक्रिया घडवली. फुटबॉल सोडला नसता तर जागा मोकळी मिळाली असती का, कोण जाणे.

आयोवा सिटीला गेल्यावर यातलं काय बघता येईल?

मराठी साहित्यवर्तुळाला हे गाव लेखकांच्या आंतरराष्ट्रीय उपक्रमामुळे माहीत आहे, दिलीप चित्रे १९७५ ते १९७७ तिथे होते. फुटबॉलसाठी जाणाऱ्याने स्टेडियम गाठावं. त्याला किनिकचं नाव द्यायचा विचार युद्धानंतर लगेच निघाला होता. दोन मुलं गमावलेल्या वडिलांनी तेव्हा नको म्हटलं: इतक्या जणांचे जीव गेले, त्यात एकट्याचं नाव कशाला? शेवटी १९७२ मध्ये ते दिलं गेलं. बाहेर त्याचा उंच कांस्य पुतळा आहे, अंगात खेळाचा पोशाख नाही, हातात पुस्तकं, आणि शिरस्त्राण पायाशी ठेवलेलं. आत जाताना आजचे खेळाडू त्या शिरस्त्राणाला हात लावतात.